पाचव्या चाकाचं माप

जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे चंपालाल छाजेडांचं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत शिरलं की चंपालालशेठ आधी चहा सांगणार, मग गाव विचारणार, आणि त्या गावात आपलं कोण कोण आहे ते आठवून आठवून सांगणार. टायरचा विषय निघेपर्यंत गिऱ्हाईक अर्धं घरचं झालेलं असतं. पण टायर द्यायचा की नाही, हे शेठ ठरवत नाहीत. ते ठरवतात त्यांच्या पत्नी, हीराबाई.

हीराबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. अंगाने बारीक, डोक्यावरून पदर, आणि गळ्यात शिंप्याकडे असतो तसला कापडी टेप. चारही चाकांना ताकद जाणारी, फोर बाय फोर गाडी घेऊन कुणी एकच टायर मागायला आलं, की त्या स्टुलावरून उठतात आणि आधी गाडीच्या बाकीच्या टायरांचा घेर मोजतात. टेप साठ इंची, टायरला पुरत नाही. म्हणून खडूने खूण करायची आणि दोनदा लावायचा. माप जुळलं नाही तर टायर मिळत नाही.

"अहो, स्टेपनीला तर पाहिजे," गिऱ्हाईक कुरकुरतं.

"स्टेपनी काय शोभेला टांगायची आहे?" हीराबाई म्हणतात. "लागेल त्या दिवशी तिचं चाकच व्हायचंय."

काही गिऱ्हाइकं रागावून पुढच्या दुकानात जातात. चंपालालशेठ हळहळत त्यांच्या पाठीकडे बघतात, पण बायकोला काही म्हणत नाहीत.

हे ज्ञान हीराबाईंनी माहेराहून आणलं नव्हतं. माहेर मारवाडातलं, शिक्षण सातवी. लग्न होऊन आल्या तेव्हा दुकानात सायकलींचे आणि बैलगाड्यांचे टायर होते, आणि राहायचं दुकानामागच्या दोन खोल्यांत. तिथे त्या शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. शेजारी मोतीलाल मिस्त्रींचं गॅरेज होतं. एकदा त्यांच्याकडे एक जीप महिन्यात दुसऱ्यांदा आली. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी जी पेटी असते, ती पुन्हा खडखडत होती. मोतीलाल डोक्याला हात लावून बसलेले. हीराबाई चहा द्यायला गेल्या, टेप गळ्यातच राहिलेला. त्या जरा वेळ जीपकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ही पुढची चाकं बुटकी नाहीत का?"

मोतीलाल हसले. तरी हीराबाई खाली बसल्या आणि ब्लाउजाचा टेप टायरला लावला. पुढचे दोन्ही टायर घेरात तीन इंच कमी भरले.

दुसरा कुणी असता तर पदरवाल्या बाईने आपली चूक काढली म्हणून फुरंगटून बसला असता. मोतीलाल मनाचे मोठे. त्यांनी पेटी उघडून आतलं दात तुटलेलं चक्र हीराबाईंना दाखवलं. म्हणाले, "लहान चाकाला तेवढ्याच वाटेसाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. दोन चाकांवर गाडी चालते तेव्हा पुढची चाकं आपली मोकळी फिरतात, काही बिघडत नाही. पण चारही एकत्र जुंपली की पुढच्या-मागच्यांनी एका चालीने फिरायला पाहिजे. वाळूत, चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ निघून जातो. डांबरावर घसरायला जागाच नाही. मग तो पीळ पेटीत साठतो."

हीराबाईंनी विचार केला. "म्हणजे लांब कापडाला आखूड कापड ओढून शिवलं की चुण्या पडतात, तसं."

"तसंच. फक्त लोखंडाला चुण्या पडत नाहीत, ते तुटतं."

तिथून पुढे वीस वर्षं, मोतीलाल हयात असेपर्यंत, हीराबाई दुपारची कामं उरकली की गॅरेजच्या दाराशी स्टूल टाकून बसायच्या. कुठला आवाज कशाचा, तेल कसं जळतं, चारही चाकं जुंपायचा दांडा अडकला तर काय करायचं, मोतीलाल बोलत राहायचे आणि त्या ऐकत राहायच्या. गाडी त्यांना आजही चालवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर हीराबाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस त्या मेहरूण भागातल्या नव्या घरीच होत्या, सून विधी डोळ्यात थेंब टाकायची. पट्टी निघाली तेव्हा गच्चीवरून मेहरूणचा तलाव इतका लख्ख दिसला, की त्या बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत. ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तो ट्रस्ट महिन्यातून एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून म्हाताऱ्या माणसांना आणतो, त्यांचे मोतीबिंदू काढतो आणि जीपने परत घरी पोचवतो. हीराबाईंनी ट्रस्टच्या लोकांना सांगितलं, पोचवायला मी जात जाईन. थेंब कसे टाकायचे, पाणी कसं लागू द्यायचं नाही, हे ज्याच्या डोळ्याचं झालंय त्यानेच सांगितलेलं बरं.

जीप जुनी, फोर बाय फोर. चालवायला तोताराम, गाव अमळनेरजवळचं, वय पन्नाशीचं, बोलणं अहिराणी. गाडीवर त्याचा जीव. दर शनिवारी तिला धुणार, पुसणार. हीराबाई त्या जीपमधून दोनदा जाऊन आल्या, पण तिच्या टायरांना टेप लावायचं त्यांना सुचलं नाही. टायर आपल्याच दुकानातून गेलेले, मग बघायचं काय? स्टेपनी मागच्या दाराला, काळ्या रेक्झिनच्या कव्हरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माघ महिना होता. सकाळी नऊला जीप निघाली. मागच्या दोन बाकांवर सहा पेशंट, सगळ्यांना काळे मोठे चष्मे. त्यात सुंदरबाई नावाची एक पावरा आदिवासी म्हातारी होती. आदल्या दिवशी पट्टी निघाल्यापासून ती प्रत्येक गोष्ट दोनदोनदा बघत होती. तापीचा पूल आला तेव्हा तिने जीप थांबवायला लावली आणि पाणी डोळे भरून पाहून घेतलं.

चोपडा मागे टाकून गाडी डोंगराच्या बाजूला वळली. पाचेक किलोमीटर गेल्यावर मागचं डावं चाक फुटलं. तोतारामने गाडी सांभाळून लिंबाखाली घेतली, सगळ्यांना हात देऊन उतरवलं आणि स्टेपनीचं कव्हर काढलं.

हीराबाई बघतच राहिल्या. बाकीच्या टायरांशेजारी ही स्टेपनी मोठ्या भावाच्या पंक्तीला बसलेल्या धाकट्यासारखी दिसत होती. त्यांनी पिशवीतून टेप काढला, खडू नव्हता म्हणून रस्त्यातला चुन्याचा खडा घेतला. जीपचे टायर अठ्ठ्याऐंशी इंच. स्टेपनी चौऱ्याऐंशी. आणि तिच्या कडेवर पिवळ्या रंगात त्यांच्या दुकानाची खूण, चंपालालशेठच्या हातची.

त्यांनी फोन लावला. रेंज एकच काडी होती.

"ट्रस्टच्या जीपला स्टेपनी कुणी दिली?"

पलीकडून चंपालालशेठ म्हणाले, "तू डोळ्याच्या वेळी घरी होतीस, तेव्हा दिली. त्यांचा माणूस घाईत होता. त्या मापाचा टायर नव्हता. म्हटलं धर्मादाय गाडी आहे, रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं? रिम तर तीच होती. स्टेपनीच तर आहे, म्हटलं."

चाळीस वर्षं जे वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं, ते घरातूनच आलं.

"काय झालं? टायर फुटला? मी बरोबर मापाचा घेऊन येतो."

"तुम्हाला यायला अडीच तास लागतील. इथे धूळ आहे, ही माणसं आजच दवाखान्यातून निघालीत. आम्ही जातो पुढे." त्यांनी फोन ठेवला.

तोतारामने तोवर जॅक लावला होता. तो म्हणाला, "काय व्हस अक्का? चार इंच ते शे. नदीमा चारी चाकं लावी दिसूत, निंघी जाई गाडी."

पुढची वाट अशी होती: नऊ किलोमीटर डांबर, मग नदीचं कोरडं पात्र, आणि पलीकडे गावापर्यंत चार किलोमीटर सिमेंटचा रस्ता. पात्रावरचा पूल पावसाळ्यात वाहून गेलेला. वाळूतून चारही चाकं जुंपल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि वाळूत रुतून चाकं जागच्या जागी फिरली तर धुरळा थेट त्या सहा जणांच्या डोळ्यांत.

"भाऊ, ही स्टेपनी मागे लावायची नाही," हीराबाई म्हणाल्या. "मागच्या चाकांवर गाडीचं ओझं आणि ओढ दोन्ही. तिथे एक लहान, एक मोठं झालं तर सगळी वाट आतली चक्रं घासत राहतील. पुढचं डावं चाक काढून मागे लावा आणि स्टेपनी पुढे लावा. पुढची चाकं डांबरावर मोकळी फिरतात, त्यांना काही होत नाही."

"म्हणजे दोन चाकं खोलनी पडतीन."

"दोन खोलावी लागतील."

तोतारामने जॅककडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मग हीराबाईंकडे. टायरवाल्या शेठच्या बायकोशी वाद घालावा की नाही, हे त्याला कळेना. शेवटी त्याने डोक्याला बांधलेला रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि पाना उचलला. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात हीराबाईंनी लिंबाच्या सावलीत सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले.

डांबर नीट पार पडलं. पात्राच्या काठाला हीराबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. तोतारामने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या फिरवून ती चाकं जुंपली, गिअरशेजारचा चारही चाकांचा दांडा टाकला आणि सरळ, न थांबता, एका चालीने गाडी वाळूत घातली. मध्यावर एकदा ती बसल्यासारखी झाली. मागून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मग पुढच्या चाकांनी ओढलं, आणि बघता बघता जीप पलीकडच्या चढावर होती. एवढी मऊ निघाली, की बाकावरचं कुणी जागचं हललं नाही.

तोताराम इतका खुलला की बोलत सुटला. मागे एकदा एका साहेबाची गाडी याच वाळूत कशी रुतली, चार बैलांनी कशी काढली, सगळं सांगत त्याने सिमेंटच्या रस्त्यावर वेग धरला.

हीराबाई त्याचं ऐकत नव्हत्या. त्या गाडीचं ऐकत होत्या. वळणावर पुढचा टायर चिरकल्यासारखा वाजला. तोतारामचे दंड नेहमीपेक्षा ताठ दिसत होते, स्टिअरिंग जड जात असावं. पायाखालून कुणीतरी दबक्या आवाजात कण्हावं तसं ऐकू येत होतं. मग वास आला, तापलेल्या तेलाचा.

"तोतारामभाऊ, थांबवा. दांडा काढला नाही तुम्ही."

तोतारामचा चेहरा उतरला. त्याने ब्रेक लावला, दांड्याला हात घातला. दांडा हलेना. त्याने दोन्ही हातांनी धरला, पाय रोवला.

"ओढू नका," हीराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "पीळ बसलाय आत. जोर केला तर दात तुटतील. गाडी मागे घ्या. सरळ, सावकाश, दहा हात."

"मांगे?"

"ज्या बाजूने पीळ बसला, त्याच्या उलट्या बाजूने सुटेल."

तोतारामने मागे बघत गाडी सावकाश घेतली. सात-आठ हात गेल्यावर खालून खट्ट असा आवाज झाला, आणि दांडा त्याच्या हातात लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. तो खाली उतरला, पुढची चाकं मोकळी केली, आणि परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसला.

"मन्हं चुकनं, अक्का."

"होतं असं. चला आता."

त्या एवढंच म्हणाल्या. पदराखाली हात घट्ट धरून त्या बसल्या होत्या. गाडी मागे घ्यायची, हे त्यांना मोतीलाल मिस्त्रींनी कधीतरी गप्पांच्या ओघात सांगितलेलं. वीस वर्षं स्टुलावर बसून त्या शिकल्या होत्या. चालत्या गाडीत, माणसं बसलेली असताना, काहीच करून बघितलं नव्हतं. मोतीलाल जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण इतक्या जोरात आली, की हीराबाईंना बाहेर बघावं लागलं.

गाव आलं. एकेकाला घरी सोडत शेवटी सुंदरबाईचं घर राहिलं. थेंब कसे टाकायचे ते हीराबाईंनी तिच्या लेकीला दोनदा करून दाखवलं. सुंदरबाई काळा चष्मा लावून हीराबाईंना न्याहाळत होती.

"तू गाडीवाली शे का?" तिने विचारलं.

"नाही. मी टायरवाली."

सुंदरबाई हसत सुटली. तिने फुटाणे आणून हीराबाईंच्या ओंजळीत ओतले आणि खाऊन संपेपर्यंत समोरून उठली नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी हीच जीप आणि हीच बाई यावी, असं तिने तोतारामला बजावून सांगितलं.

परतताना पात्राच्या अलीकडे तोतारामने गाडी थांबवली. या वेळी त्याने स्वतःहून उतरून चाकं जुंपली. वाळू ओलांडली, आणि चढ संपायच्या आत, मऊ मातीतच, दांडा काढला. मग त्याने हीराबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, तठे शेठ बठेल शे."

रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत एक छोटा टेंपो उभा होता. आणि एका नव्या टायरवर, स्टुलावर बसावं तसे, पांढरा सदरा घातलेले सत्तर वर्षांचे चंपालालशेठ बसले होते. पुढे पूल नाही म्हणून टेंपो तिथेच थांबला होता. दोन तासांपासून शेठ तिथे होते, आणि आश्चर्य म्हणजे टेंपोवाल्याशीही फारसं बोलले नव्हते.

हीराबाई उतरल्या. शेठ उभे राहिले, धोतराला लागलेली माती झटकू लागले.

"मी नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"ऐकलं होतं."

"जेवलात?"

"तुझा टिफिन आणलाय. खाखरा आणि मेथी. सूर्य मावळायच्या आत घरी पोचणं काही व्हायचं नाही, आणि त्यानंतर तू खात नाहीस, म्हणून." मग खाली बघत म्हणाले, "टायर मोजून आणलाय. विधीच्या शिलाई मशीनवरचा टेप घेतला. अठ्ठ्याऐंशी भरला. तिलाही मोजायला लावला, तिचाही अठ्ठ्याऐंशी आला."

हीराबाईंनी टायरकडे पाहिलं. त्यांची पिशवी खांद्यालाच होती, पण त्यांनी ती उघडली नाही. "लावून टाका, तोतारामभाऊ," त्या म्हणाल्या, आणि टिफिन घेऊन बाभळीखाली बसल्या. शेठही हळूच शेजारी टेकले. तोताराम आणि टेंपोवाला चाक बदलत होते, आणि इकडे दोघं एका डब्यातून खात होती.

डबा संपत आला तेव्हा शेठ म्हणाले, "चाळीस वर्षं तू गिऱ्हाइकांना परत पाठवतेस. मला वाटायचं, हिचा हट्ट आहे. चालू दे. खरं म्हणजे मला कधी नीट कळलंच नाही, त्यात होतं काय."

"मग विचारायचं."

"लाज वाटायची. दुकान माझं."

हीराबाईंनी रस्त्यावरची धूळ बोटाने सारखी केली, दोन चाकं काढली, एक मोठं, एक लहान, आणि मोतीलालांनी सांगितलं होतं तसंच सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. शेठ धुळीतल्या चाकांवर वाकून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पेटीचं तेल काढून बघितलं. काळपट झालं होतं, पण त्यात लोखंडाचा कीस नव्हता. तेल बदललं, काम भागलं. जीप अजून दर महिन्याला जाते. सुंदरबाईचा दुसरा डोळा चैत्रात झाला. जातानाही आणि येतानाही ती तोतारामच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली आणि वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव त्याला विचारत राहिली.

दुकानात चहा अजूनही शेठच सांगतात, गावची चौकशीही तेच करतात. फोर बाय फोरवाला कुणी आला आणि स्टेपनीच तर पाहिजे म्हणाला, की मात्र ते खुर्ची सरकवून त्याला बसवतात आणि कागदावर दोन चाकं काढायला घेतात. सांगता सांगता मध्येच कुठेतरी अडतात. मग स्टुलाकडे वळून विचारतात, "हां, आणि इथून पुढे काय होतं गं?"